पाचव्या जागेची नवकांकरी

तरलाबेनच्या तोंडून ‘पाच’ निघालं ते अरुणाबेनमुळे. एरवी घरी साधी भाजी कोणती करायची हेही त्या दोनदा विचारून ठरवत.

खंभातच्या जैन उपाश्रयात चौमासा, म्हणजे चातुर्मास, लागायच्या आधी नियमांचा लिलावच होतो म्हणा, फक्त बोली खाली खाली येते. एक म्हणते, चार महिने दिवसाला बाराच पदार्थ खाईन. शेजारची मान वाकडी करून म्हणते, मी दहा. तिसरी आठावर येते आणि पहिलीचा चेहरा पडतो. त्यागाच्या बाबतीत मागे राहणं आमच्या बायकांना सोसत नाही. यंदा मात्र साध्वीजींनी वेगळंच काढलं.

“पोटाचे नियम आता तुमच्या अंगवळणी पडलेत,” त्या म्हणाल्या. “बोटांचा नियम घ्या. मोबाईल-टॅब्लेटवर किती ॲप ठेवणार तो आकडा सांगा. यंत्राच्या घडणीतच आलेली सोडून द्या, ती उकळलेल्या पाण्यासारखी, मोजायची नाहीत. चौदसच्या सकाळी जी असतील तीच कार्तिकापर्यंत. भर नाही, अदलाबदल नाही.”

समोरच्या घरातल्या अरुणाबेननी हात वर केला. “सात!” आणि तरलाबेनकडे बघून म्हणाल्या, “यांचं काय विचारायचं! यांचा टॅब्लेट नवाकोरा, नैरोबीचा. यांचे लाड पुरायचेत अजून.”

“पाच,” तरलाबेन म्हणाल्या.

बायका ‘वाह’ म्हणाल्या. साध्वीजींनी मान हलवली. घरी येताना तरलाबेन बोटांवर मोजत आल्या. टॅब्लेटवर ॲप होती नऊ, आणि त्यातलं एक काढणं त्यांना शक्य नव्हतं, आणि ते का शक्य नाही हे त्या कोणाला सांगू शकत नव्हत्या. नवऱ्याला तर नाहीच.

टॅब्लेट मितेनने, म्हणजे मुलाने, अकरा दिवसांपूर्वी नैरोबीहून ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला होता. काय भरायचं ते त्यानेच भरून दिलं: व्हॉट्सॲप, तिथी-सूर्यास्ताचं पंचांग, स्तवनं, औषधाची आठवण देणारं, गॅसचा नंबर लावणारं, बातम्या, पाककृती, शब्दकोडं. आणि शेवटी, कोपऱ्यात, नवकांकरी. चौकोनात चौकोन, त्यात आणखी एक चौकोन, नऊ-नऊ सोंगट्या. तीन एका ओळीत आल्या की समोरच्याची एक उचलायची. घराच्या ओट्यावर दगडात कोरलेला तोच पट अजून आहे.

दुसऱ्या दिवशी तरलाबेननी चाळा म्हणून तो पट उघडला, तर समोरचा खेळाडू आधीच बसलेला होता. नाव होतं ‘चिंचोका’. पहिली सोंगटी बाहेरच्या चौकोनाच्या डाव्या कोपऱ्यात लावलेली. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करणारी आणि कवड्या नाकारून चिंचोकेच मागणारी मुलगी या घरात एकच वाढली होती. तरलाबेन ओट्यावर जाऊन जरा बसल्या आणि मग आत येऊन त्यांनी आपली सोंगटी लावली. मितेन फोनवर याबद्दल चकार शब्द बोलला नाही. हा मुलगा मुळातच लबाड.

त्या मुलीने, चार्मीने, तीन वर्षांपूर्वी आणंदच्या एका मॅकवानशी कोर्टात लग्न केलं. मुलगा दातांचा डॉक्टर, स्वभावाने चांगला, पण रविवारी चर्चला जाणारं आणि मासळी खाणारं घर. तिच्या वडिलांनी, बिपिनभाईंनी, त्याच दिवशी घरातल्या देवापुढे नियम घेतला: तिच्याशी बोलणार नाही, तिला लिहिणार नाही, तिचं तोंड पाहणार नाही. आणि बायकोलाही घ्यायला लावला. एकतीस वर्षं नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी लिहिलेला माणूस. शाईने लिहिलेलं खोडायचं नसतं, ही त्यांची एकच श्रद्धा पुढे सगळीकडे पसरली.

तरलाबेननी तो नियम मनात उलटसुलट तपासला होता. सोंगटी सरकवणं हे बोलणं नाही. लिहिणं नाही. तोंड तर दिसतच नाही. रोज एक चाल, कधी दोन. तीन दिवसांत चाल आली नाही तर पट पुसला जातो, असं यंत्रच सांगत होतं. आता ते ॲप काढलं, तर चार्मी एकच समजणार: आईनेही मला टाकलं. तसं नाही हे कळवायला तरलाबेनकडे ना तोंड उरलं होतं ना लेखणी.

तेरसच्या दुपारी बिपिनभाई कागद-पेन घेऊन बसले. एका बाजूला ‘उपयोगी’, दुसरीकडे ‘मनोरंजन’, मधे पट्टीने ओढलेली रेघ.

“मनोरंजनाखाली काही लिहायची गरज नाही,” ते म्हणाले. “चौमासा आहे. पंचांग. स्तवनं. औषध. गॅस. व्हॉट्सॲप. झाले पाच. मी म्हणतोय काय, तू घाबरली होतीस कशाला? बसले की बरोबर.”

“मन रमायला काहीतरी नको का?”

“स्तवनं आहेत.”

“स्तवनांनी मन रमवायचं नसतं, तुम्हीच म्हणता.”

बिपिनभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मग शब्दकोडं ठेव. पण कोणाच्या जागी? गॅसच्या?”

“गॅस तुम्ही फोनवरून लावता की.”

“लाइन लागत नाही. मागच्या खेपेला चार दिवस लागली नाही, आठवतं? शेगडीवर पाणी उकळलं नाही तर चौमासात पिणार काय?”

त्यांचं चुकत नव्हतं. माणूस बरोबर बोलत असला की त्याच्याशी भांडता येत नाही, आणि बिपिनभाई बहुतेक वेळा बरोबरच बोलत. तरलाबेन उठून समोरच्या पिंकलकडे गेल्या. ती अरुणाबेनची सून, यंत्रातलं कळणारी.

“काकी, सोपं आहे,” पिंकल म्हणाली. एका चित्रावर दुसरं चित्र ओढून तिने नऊच्या नऊ ॲपचा एक डबा करून दिला. “बघा. आता दिसतं एकच.”

तरलाबेनचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला. दिसणं म्हणजे असणं नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. तरी त्या उपाश्रयात गेल्या, वंदन केलं आणि लांबून सुरुवात केली.

“साहेबजी, एक शंका. डाळ-तांदूळ एकत्र शिजले की खिचडी एकच पदार्थ मोजायचा ना?”

“एकच.”

“आणि वरून तूप घेतलं की दोन.”

“दोन. तुम्ही चाळीस वर्षं मोजताय, तरलाबेन. मला का विचारता?”

तरलाबेननी पदराखालून टॅब्लेट काढला आणि तो डबा दाखवला. “मग हे? हे सगळं एकात आहे.”

साध्वीजींनी वाकून पाहिलं. हात लावला नाही. हसू मात्र त्यांना आवरेना. “खिचडी एका आचेवर शिजते. तुम्ही नऊ डबे एका पिशवीत भरलेत.”

मागे माळ ओढत बसलेल्या अरुणाबेन खाकरल्या. “जमत नसेल तर सातावर या हो. लाज कसली? माझ्या शेजारी बसा.”

“पाच म्हणजे पाच,” तरलाबेन म्हणाल्या. आवाज त्यांच्या मनापेक्षा मोठा निघाला.

साध्वीजी हळूच म्हणाल्या, “वाचवायचं काय आहे ते ठरलंय तुमचं. आता सोडायचं काय ते ठरवा. मला दाखवण्यासारखं यात काही नाही.”

परत येताना तरलाबेननी ठरवलं: व्हॉट्सॲप सोडायचं. मंडळाच्या पूजेच्या वेळा, कोण आजारी, कोणाची सोयरीक, सगळं त्यावर येतं. ते नसलं की चार महिने प्रत्येक बातमीसाठी अरुणाबेनच्या दारात उभं राहावं लागणार, आणि अरुणाबेन ती बातमी सुपारीसारखी कातरून कातरून देणार. मितेनचा चेहरा दिसायचा तोही त्यावरच. चालेल. मितेन बिपिनभाईंच्या फोनवर बोलेल.

पण हे बिपिनभाईंना सांगायचं कसं? ‘व्हॉट्सॲप काढते’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला.

तो आलाच. संध्याकाळचं जेवण आटपलं होतं, ऊन भिंतीच्या वरच्या विटांवर गेलं होतं.

“व्हॉट्सॲप काढून काय ठेवणार?”

“नवकांकरी.”

“नवकांकरी!” ते हसले. “त्रेसष्टाव्या वर्षी? ओट्यावर पट आहे की, कोरलेला. यंत्र कशाला? कोणाशी खेळतेस?”

‘यंत्राशी’ म्हणता आलं असतं. उद्या चौदस. उद्या देवापुढे हात जोडायचे, त्याच्या आदल्या संध्याकाळी खोटं कसं बोलायचं?

“चिंचोक्याशी,” त्या म्हणाल्या.

बिपिनभाईंच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. तिथे शाईचा ठिपका फुगत गेला. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती; किक मारल्याचा आवाज चार-पाच वेळा आला.

“बोलतेस?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“लिहितेस?”

“लिहायची सोयच नाही त्यात.”

“तोंड?”

“दिसत नाही. नाव फक्त. आणि सोंगट्या.”

त्यांनी हात पुढे केला. तरलाबेननी टॅब्लेट दिला. जन्माचा दाखला तपासावा तसा त्यांनी पट तपासला. वरचं नाव, खालचं नाव, किती उरल्या, कोणाची पाळी. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. तरलाबेन भिंतीला टेकून उभ्या होत्या, आता हा माणूस बोट ठेवून एका क्षणात सगळं काढून टाकतो की काय म्हणून.

“नियम मोडलेला नाही,” बिपिनभाई अखेर म्हणाले. कागद ओढून त्यांनी ‘औषध’ या शब्दावर रेघ मारली. जन्मात पहिल्यांदा शाईने लिहिलेलं खोडत होते. “गोळीचं मला आठवतं. व्हॉट्सॲप राहू दे, नाहीतर समोरची तुला नाचवील.” आणि पाचव्या जागी त्यांनी ‘नवकांकरी’ लिहिलं. उपयोगीखाली की मनोरंजनाखाली, हे न ठरल्यासारखं, अगदी रेघेवर.

तरलाबेननी टॅब्लेट उचलला आणि मधली सोंगटी सरकवायला बोट नेलं.

“ती नको,” बिपिनभाई खिडकीकडे बघत म्हणाले. “तिथे ती फसवते. पहिल्यापासून. खालची डावीकडे घे, तीन होतात तुझ्या.”

खरंच झाल्या. चार्मीची एक सोंगटी पटावरून उचलली गेली. आणि सोंगटी गेली तेव्हा तरलाबेनच्या लक्षात आलं. आपण असं कधी खेळत नाही. आपण घाबरत, कडेकडेने खेळतो, हे त्या मुलीला सहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. ही चाल कोणाची, हे तिला बघताक्षणी कळणार.

चौदसला नियम झाला. साध्वीजींनी पाचही नावं वाचायला लावली. नवकांकरीशी बायका हसल्या, अरुणाबेन सर्वांत जोरात. “खेळा, खेळा! हरलात तर मला सांगा, मी शिकवते.” तरलाबेननी ते ऐकलंही नाही. टॅब्लेट घरी होता आणि सकाळपर्यंत चाल आलेली नव्हती.

पौर्णिमेलाही आली नाही. एरवी चार्मी संध्याकाळच्या आत खेळायची. तिच्या नवऱ्याच्या दवाखान्यात गर्दी असेल. आजारी असेल. किंवा पट बघून तिने फोन पालथा ठेवला असेल. बापाने तीन वर्षांनी हात पुढे केला तो तिची सोंगटी उचलायला, असंच दिसणार ना तिकडून? तरलाबेन मनातल्या मनात नवऱ्यावर चिडल्या, मग स्वतःवर. पटाच्या वर बारीक अक्षरांत तास कमी होत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारपासून बिपिनभाई टॅब्लेट घेऊन सूर्यास्ताची वेळ बघत होते. चार वाजता बघितली. साडेचारला बघितली. पाचला पुन्हा. छापील पंचांग त्यांच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेलं होतं.

“बदलला का सूर्यास्त?” तरलाबेननी खाकरे भाजता भाजता विचारलं.

“सात सत्तावीस.”

“सकाळी किती होता?”

“सात सत्तावीस.” मग थोड्या वेळाने, “दोन तास उरलेत. तुझ्या त्या पटाचे.”

“गोळी घेतलीत?”

त्यांनी कपाळाला हात लावला आणि उठून घेतली.

साडेसहाला दोघं जेवायला बसली. मुगाची डाळ, खाकरे, कोरडं लोणचं. टॅब्लेट समोरच्या पाटावर, तीन पावलांवर. बिपिनभाईंनी खाकऱ्याचा तुकडा मोडला आणि तेवढ्यात टॅब्लेट टक् करून वाजला.

व्हॉट्सॲपचा आवाज वेगळा. हा पटाचा, लाकडावर खडा पडावा तसा.

तरलाबेन अर्धवट उठल्या.

“बस,” बिपिनभाई म्हणाले. “ताटावरून उठायचं नाही.”

त्यांनी उरलेला खाकरा खाल्ला. डाळ संपवली. मग अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून रोजच्यासारखं ताटात थोडं पाणी ओतलं, बोटांनी कडेकडेने फिरवून ताट धुतलं, आणि ते पाणी पिऊन टाकलं. लोणच्याचा एक दाणा चिकटला होता, तोही पाण्याबरोबर गेला. थेंबही सांडला नाही. तरलाबेननी त्यांच्यासाठी थांबून, त्यांच्याकडे बघत, आपलंही ताट धुऊन प्यायलं.

बिपिनभाईंनी रिकामं ताट उन्हाकडे धरून पाहिलं. स्वच्छ होतं. मग ते उठले.