सुती म्हणून

काळा, मोहरीएवढा मणी नंदाच्या बोटाला चिकटला होता आणि नखानं दाबला तरी फुटत नव्हता... राख व्हायला हवी होती. करडी, भुरभुरणारी, जळक्या कागदाच्या वासाची. तिनं कांडीवरचा आणखी एक धागा तोडला, काडी ओढली. पुन्हा तेच — धागा आक्रसला, वितळला, टोकाशी कडक झाला.

म्हणजे नुसता कापूस नव्हता, पॉलिस्टरची भेसळ होती.

येरमाळ्याच्या या हातमागावर तिची सतरा वर्षं गेली होती. बोटांना ओळखू येत नाही असं सूत नव्हतं. दिवाळीनंतर व्यापाऱ्यानं नवं सूत आणलं तेव्हाच ते जरा जास्त गुळगुळीत लागलं होतं, पण तुटत नव्हतं, दिवसाकाठी हातभर कापड जास्त निघत होतं, आणि — मला कळलं होतं, तिनं स्वतःशी कबूल केलं. कळलं होतं, तरी मी धोटा फेकत राहिले.

त्याच कापडाचे तेरा कुडते तेरखेड्याच्या एका फटाका कारखान्यात गेले होते. दारू भरणाऱ्या बायांना तिथं सुतीच घालावं लागतं. दुसरं कापड कोरड्या हवेत अंगाला घासलं की ठिणगी पडते. तेरातला एक सुनेचा, चैतालीचा. आज सकाळी तिनं तो डोक्यातून घातला तेव्हा केस कापडाला चिकटले, बारीकसं कट् वाजलं. "आत्या, तुमचं कापड चावतंय बगा," ती म्हणाली होती. नंदाही हसली होती... मग एसटी आली, चैताली गेली, आणि तो आवाज मागाच्या खटखटीतही नंदाच्या कानातून जाईना. म्हणून तर तिनं काडी ओढली होती.

कारखान्यात मोबाइल नेऊ देत नाहीत. तिनं फाटकावरच्या कचेरीत मुकादमाला, सोमेशला, फोन लावला.

"चैतालीला भाईर बोलवा. लगीच."

"का मावशी? कुणी आजारी हाय का?"

कुडत्याचं सांगायचं होतं. एक वाक्य. ते घशापर्यंत आलंही — आणि तोंडातून निघालं, "व्हय. घरी बोलवलंय म्हणा."

"एक वाजता सुट्टीत सांगतो. आता भरणी चालू हाय."

फोन बंद झाल्यावर तिला बाकीच्या बारा जणी आठवल्या. आजारपणाचं खोटं त्यांना काही बाहेर काढणार नव्हतं. तिनं पुन्हा लावला, पुन्हा. नुसती रिंग जात राहिली. सोमेश भरणीच्या खोलीकडे गेला असेल, दुसरं काय... साडेअकरा झाले होते. माग तसाच टाकून ती हमरस्त्यावर आली.

काळीपिवळी थांबली. "कुठं, मावशी?"

"तेरखेडा."

खिडकीशी बसून ती समोरच्या आभाळाकडे पाहत राहिली. धूर नव्हता, स्वच्छ होतं. उतरल्याबरोबर सगळं सांगायचं, सगळ्यांसमोर, असं ती मनाशी घोकत होती, आणि त्या घोकण्याखालून दुसरंच काहीतरी हळूहळू वर येत होतं — जळून गेल्यावर कापड कुणी विणलं होतं, हे कुणालाच ओळखता येत नाही. कुणालाच नाही. या विचारानं छातीवरचा भार क्षणभर हलका झाल्याचं तिला जाणवलं, आणि ती गाडीतल्या कुणाच्याही नजरेला नजर देईनाशी झाली.