पहिल्या धड्याचं पहिलं वाक्य

नव्या देशाचा पहिला शालेय इतिहास लिहायचं काम दोन साडूंवर सोपवलं गेलं, आणि तो शाळा उघडायच्या आत छापून घ्यायचं काम त्यांच्या मेव्हणीवर. ती पाठ्यपुस्तक कचेरीत संपादक होती. दोघे भावजी नावाजलेले प्राध्यापक. मंत्र्यांनी तिला न विचारताच त्यांची नावं जाहीर केली. ते कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला, कारण या दोघांना तिने घरच्या जेवणाच्या टेबलावर पुष्कळ वर्षं ऐकलं होतं.

तोवर शाळांत जुन्या राज्यकर्त्यांचंच पुस्तक चालू होतं. त्यांचं जहाज किनाऱ्याला लागलं आणि हा देश जन्मला, त्याआधी इथे नुसतं गवत उगवत होतं, असा त्याचा एकूण सूर. ते पुस्तक रद्दीत घालायचं, यावर साडूंचं एकमत होतं. गाडी अडली ती पुढे. मग आपण आलो कुठून?

थोरले भावजी डोंगराकडचे. त्यांच्या मते देश डोंगरातून खाली उतरला. मधले भावजी किनाऱ्याकडचे. त्यांच्या मते तो होड्यांतून आला आणि मग वर चढला. कचेरीतल्या लांब टेबलाच्या दोन टोकांना ते लाल पेन्सिली घेऊन बसत. एकाने लिहायचं, दुसऱ्याने खोडायचं, आणि चहा आला की तेवढ्यापुरतं दोघांनी तिला बोलायचं. घरी गेलं तर बहिणींचे फोन. थोरली म्हणे, आमच्या ह्यांना तू तोंड उघडू देत नाहीस. मधली म्हणे, तू पहिल्यापासून थोरल्या भावजींच्याच बाजूची. छापखान्याचा मॅनेजर तर आता नमस्कारसुद्धा न करता सरळ विचारायचा, पहिला धडा कुठे आहे? तिच्या नाकी नऊ आले.

शेवटी वैतागून तिने स्वतःच लिहिलं: आपल्यातले काही डोंगरातून आले, काही समुद्रावरून. पुष्कळ काळ ते एकमेकांशी भांडले. मग बाजारात बोलता बोलता त्यांची एक भाषा झाली.

दोघांनी कागद वाचला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा एकमेकांकडे पाहून माना हलवल्या.

"भांडले?" थोरले म्हणाले. "देशाला अजून नीट पाय फुटले नाहीत, आणि तू त्याला घरातली भांडणं सांगणार?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मग दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या आणि चहा निवायच्या आत वाक्य तयार केलं: आपण अनादी काळापासून एक आहोत.

"याला पुरावा?" तिने विचारलं.

"पुरावे मागत बसलं तर देश उभे राहत नाहीत," मधले म्हणाले. हे तेच गृहस्थ, ज्यांनी एका तळटीपेसाठी पोरांना परीक्षेत नापास केलं होतं. तिने हात टेकले. मंत्र्यांना वाक्य फार आवडलं.

पण धड्याखालचा स्वाध्याय लिहायचं काम तिचं होतं, आणि स्वाध्याय वाचणं दोघांनाही कमीपणाचं वाटे. तिने शेवटचा प्रश्न घातला: आपण अनादी काळापासून एक आहोत, हे कशावरून? घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा.

शाळा उघडल्या आणि मास्तरांच्या तक्रारी सुरू झाल्या. कुणाची आजी दुष्काळात डोंगर उतरून आलेली, कुणाचे पणजोबा होडी फुटून किनाऱ्याला लागलेले, कुणाच्या घरी तर शेजारच्या गावाशी झालेल्या मारामाऱ्या अजून चवीने सांगत. वर्गात उत्तरं येत होती, पण एकही पुस्तकाशी जुळत नव्हतं. मंत्र्यांच्या कचेरीतून तिला जाब विचारला गेला. तिने शांतपणे सांगितलं, प्रश्न वाक्यावरच आहे.

मग एके दुपारी थोरले भावजी तरातरा आत आले. त्यांच्या धाकट्या लेकीने घरी हा प्रश्न विचारला होता. त्यांनी तिला मांडीवर बसवून आपल्या आजीची सगळी हकीकत सांगितली: ती डोंगरातून कशी आली, खालच्या लोकांनी तिला विहिरीवर कसं पाणी भरू दिलं नाही, आणि शेवटी त्यांच्यातल्याच एकाशी तिने लग्न कसं केलं. पोरीने जसंच्या तसं लिहिलं. मास्तरांनी शून्य दिलं.

"अक्षर न् अक्षर खरं होतं ते," भावजी म्हणाले.

"मग चूक कुठे झाली?"

ते खुर्चीत बसले आणि त्यांनी टेबलावरचं पुस्तक पहिल्या धड्यावर उघडलं. तिला वाटलं, आता हे म्हणणार, वाक्य काढून टाक. तिने पेन्सिलसुद्धा उचलली.

"वाक्य राहू दे," ते म्हणाले. "त्याची गरज आहे. फक्त मास्तरांना कळव, या प्रश्नाला कुठलंही उत्तर चालेल."

तिला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. पण फार वाद घातला तर आहे तो प्रश्नही जाईल, हे तिला ठाऊक होतं. तिने दात आवळून मास्तरांसाठी परिपत्रक लिहायला घेतलं. भावजी शेजारी बसून, लाल पेन्सिलीने, त्यातलं शुद्धलेखन तपासत राहिले.