घरचा आवाज

“सहा म्हणजे सहा. सहा वाजून सात मिनिटांना सहा म्हणत नाहीत. आणखी आठ मिनिटं गेली असती तर मी तुमच्या नावाने शंख केला असता, मग बसला असता पोलिसांना उत्तरं देत.”

दोन मेजांमधल्या कपाटापलीकडून यारियेलाची कुरकुर ऐकू येत होती. फोन ठेवल्यावरही ती थांबली नाही. “इंजिनियर म्हणे, आणि घड्याळ कळत नाही,” असं पुटपुटत तिने तक्त्यावर हिरवी खूण केली.

कपाटाच्या अलीकडे एदिल्मा देणगीपत्रांवर शिक्के मारत होती. तंबू, ताडपत्र्या, पाण्याच्या टाक्या. विमानात चढणाऱ्या प्रत्येक ढिगाबरोबर ‘हे फुकट वाटायचं आहे, विकायचं नाही’ असं लिहिलेला कागद लागतो, नाहीतर पलीकडचे जकातवाले माल अडवून बसतात. तिने शिक्का जरा जोरातच मारला. सात मिनिटांसाठी माणसाला एवढं बोलायचं? तिकडे तो बिचारा गुडघाभर चिखलात उभा असेल, याचा काही विचार?

जानेवारीपर्यंत तो फोन एदिल्माचा होता.

मदतसंस्थेची माणसं वादळात, पुरात, भूकंपात जातात. पनामातल्या या जुन्या विमानतळाच्या आवारातली माणसं कुठे जात नाहीत, ती पाठवतात. गेलेल्याने रोज दोनदा फोन करायचा, सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला. इथल्याने आवाज ऐकायचा आणि तक्त्यावर बरोबरची खूण करायची. पंधरा मिनिटांत आवाज आला नाही तर शोध सुरू. याला सगळे हजेरी म्हणत आणि शाळेतल्या हजेरीइतकेच तिला वैतागत.

जानेवारीत एदिल्माला बढती मिळाली. कागदपत्रांची प्रमुख. कमरेला टेकू असलेली नवी खुर्ची आली, केक आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केक खाऊन होईपर्यंत हजेरीचा फोन कपाटापलीकडे गेलेला होता. यारियेला सव्वीस वर्षांची, चिरिकी प्रांतातली, तिकडच्या लोकांसारखीच मानेत काठी घातल्यासारखी ताठ. तेव्हापासून एदिल्माला हिरव्या पेनाचा राग यायला लागला. पेनाचा राग यावा असं वय आपलं राहिलं नाही, हे तिला कळत होतं. बावन्न वर्षांची बाई ती. पण कळून काय उपयोग, राग विचारून थोडाच येतो.

आणि आता एव्हेलिओ पुन्हा निघाला होता.

होंडुरासच्या किनाऱ्यावर वादळ आदळलं होतं. परवा दुपारचं विमान, आणि पथकाचा प्रमुख एव्हेलिओ. नऊ वर्षं त्याची हजेरी एदिल्मानेच घेतली होती. बाकीचे ‘ठीक आहे’ म्हणून फोन आपटायचे. एव्हेलिओ सांगायचा. कुठल्या म्हातारीने पडक्या घरातून फक्त शिवणयंत्र बाहेर काढलं, कुठल्या गावात शेळीला तंबूत आधी जागा मिळाली. कधी कधी नुसता श्वास ऐकू यायचा, मग तो म्हणायचा, “एदी, आज नको विचारूस.” ती विचारायची नाही. त्याच्या खोकल्यावरून ती पाऊस ओळखायची.

तिच्या नवऱ्याला, ओव्हिदिओला, हे ठाऊक होतं. कालव्यावर जहाजं ओढणारी टगबोट चालवणारा शांत माणूस तो. “तुझा तो आज धड आहे ना?” एवढं विचारून बेसबॉलकडे वळायचा. तिला एव्हेलिओ नको होता. घरात एक पुरुष होता, तेवढा पुरे होता. तिला तो सातचा फोन हवा होता. कुठेतरी जमीन फाटलेली असताना एक माणूस सगळ्यांच्या आधी आपल्याला सांगतो की मी आहे. हे ज्याला नऊ वर्षं मिळालं, त्याला मग टेकूच्या खुर्चीचं काय कौतुक.

एव्हेलिओला घड्याळाचं वावडं होतं. तीनदा उशीर झाला की माणसाला परत बोलवायचं, असा नियम. एदिल्मा सात वाजता खूण करून ठेवायची, अर्ध्या तासाने फोन यायचाच. “एदी, वाचवलंस.” कागदावर तो नऊ वर्षांत एकदाही उशिरा आलेला नव्हता.

गेल्या ऑक्टोबरात ग्वातेमालाच्या डोंगरात त्याची गाडी दरीत घसरली. पाय तीन ठिकाणी मोडला आणि तो सापडायला तीस तास लागले. त्या तीस तासांसाठी कार्यालयात एकच शब्द होता, नेटवर्क. नेटवर्क नव्हतं ना. डोंगरात कसलं आलंय नेटवर्क. एदिल्माही तेच म्हणायची, आणि म्हणून म्हणून तो शब्द तिच्या तोंडात दातासारखा बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबाभर कारिमान्योला घेऊन आली. युका नावाच्या कंदाच्या लगद्यात खिमा भरून तळलेल्या, एव्हेलिओच्या आवडीच्या. केसही धुऊन सेट करून घेतले होते. गोदामाच्या दारात निकानोर ताडपत्र्या मोजत होता. बावीस वर्षं इथेच असलेला जुना गोदामवाला, बुधवारच्या लॉटरीत प्रत्येक विमानाचा नंबर लावायचा आणि प्रत्येक वेळी हरायचा.

“कोणाचं लग्न आहे?” त्याने डब्याकडे, मग केसांकडे पाहिलं.

“गप बस. आज एव्हेलिओ पिवळा कागद भरायला येतोय.”

पिवळा कागद प्रत्येक जाणाऱ्याने नव्याने भरायचा असतो. काही झालं तर पहिल्यांदा कोणाला कळवायचं. कोणी तुम्हाला धरून ठेवलंय असा फोन आला, तर खात्री करायला कोणते तीन प्रश्न विचारायचे. आणि खाली एक रकाना, ‘घरचा आवाज’: माझी हजेरी कोणी घ्यावी. बहुतेक जण तो मोकळा सोडतात, मग ज्याच्याकडे फोन असेल तो घेतो. पण नाव लिहिलं तर ते पाळावं लागतं, मग फोन कोणाच्याही मेजावर असो.

“तो माझं नाव लिहील,” एदिल्मा म्हणाली. “मग बघते तो फोन कपाटापलीकडे कसा राहतो ते.”

निकानोर मोजता मोजता चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. “तुझ्याकडे काय कमी कामं आहेत, एदिल्मा? जकातीचे कागद तुझ्याशिवाय कोणाला येतात?”

“मी कामाचं नाही बोलत.”

“माहीत आहे,” तो ताडपत्र्यांना म्हणाला.

एव्हेलिओ दहाला आला. जरा बारीक झाला होता, डावा पाय किंचित ओढत होता. त्याने दोन कारिमान्योला उभ्या उभ्या खाल्ल्या, “अशी कोणी करत नाही,” म्हणाला, नव्या खुर्चीचं कौतुक केलं आणि पिवळा कागद घेऊन खिडकीशी जाऊन बसला. एदिल्मा शिक्के मारत राहिली. एका पत्रावर तिने तीन शिक्के मारले.

त्याने कागदाची घडी घालून तिच्या मेजावर ठेवली. जाताना कपाटापलीकडे थांबला. यारियेला काहीतरी बोलली, तो हसला. मोठ्याने नाही, पण हसला. मग गोदामाकडे गेला.

कागद तपासणं हे प्रमुखाचं काम. एदिल्माने घडी उघडली. पहिली बातमी कोणाला, तर दाविद शहरातल्या बहिणीला. बरोबर. प्रश्न एक, प्रश्न दोन. खाली, घरचा आवाज: यारियेला कास्त्रेयोन.

आडनावासकट लिहिलं होतं. त्या आडनावाने तिला जास्त लागलं. नऊ वर्षं तो नुसतं ‘एदी’ लिहायचा, आणि दर वर्षी तिला त्याला पूर्ण नाव लिहायला लावावं लागायचं.

तिला आठवत गेलं, म्हणजे तिने आठवून काढलं. तो दवाखान्यात असताना यारियेला दोनदा भेटायला गेली होती. फळं घेऊन. आपण पाच वेळा गेलो, पण आपण गेलो की तो खिडकीबाहेर बघायचा. सव्वीस वर्षांची पोर, गालाला खळी पडते. पुरुष पन्नाशीला आला की त्याला खळ्या दिसायला लागतात. आणि ही वरून कशी साधी, म्हणे मला काय त्याचं.

ती उठून कपाटापलीकडे गेली. यारियेला तक्त्यावर रेघा आखत होती.

“अभिनंदन.”

“कशाचं, दोन्या एदिल्मा?” आपण बाई म्हणतो तसं यारियेला तिला आदराने दोन्या म्हणायची.

“फळं कामाला आली म्हणायची.”

यारियेलाची पट्टी थांबली. “मी त्यांना सांगितलं नाही माझं नाव लिहायला.”

“मी कुठे म्हटलं तसं? त्याला खोकला झाला तर ओळखशील का गं? कोरडा की ओला?”

“नाही.”

“तो खोटं ‘ठीक आहे’ म्हणाला तर?”

“नाही ओळखणार.” पोरगी मान खाली घालून लाल झाली होती. “मी फक्त आवाज आला की खूण करते, दोन्या. नाही आला की नाही करत.”

“वा. यंत्र आणलं असतं तर जेवणाची सुट्टीही मागितली नसती.”

यारियेलाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. चिरिकीची माणसं उत्तर गिळत नाहीत. हिने गिळलं, म्हणजे हिच्या मनात काहीतरी आहे, असं एदिल्माने ठरवलं आणि जागेवर येऊन बसली.

मग तिने जे केलं ते शाळेतल्या मुलीलाही शोभलं नसतं. कागद पुन्हा उघडला, तिसरा प्रश्न वाचला: ‘माझा डावा पाय कुठे मोडला?’ त्यावर लाल पेनाने गोल केला आणि निरोप धाडला: कागद अपुरा, प्रमुखांना येऊन भेटणे.

एव्हेलिओ पाय ओढत आला. कपाटापलीकडे पट्टीचा आवाज बंद झाला. निकानोर नेमका तेव्हाच पावत्यांवर सही घ्यायला दारात आला आणि तिथेच थबकला.

“हा प्रश्न चालणार नाही,” एदिल्मा म्हणाली. “पाय कुठे मोडला ते अख्ख्या पनामाला माहीत आहे. फक्त तुलाच उत्तर येईल असा हवा.”

“बरं. बदलतो.” त्याने खिशातून पेन काढलं.

“आणि खालचं?”

“खालचं काय?”

“खालचं नाव.”

तो खुर्चीवर बसला, पाय लांब केला. “एदी, तुझ्यावर आता कागदांचा भार आहे. हजेरी म्हणजे पहाटे उठून कालव्यावरचा पूल ओलांडा, सातच्या आत पोचा…”

“अकरा वर्षं मी पूल ओलांडतेय. तुला कधीपासून माझ्या पुलाची काळजी?”

“तिचे कान तरुण आहेत.”

“कानच आहेत ना फक्त?”

दारात निकानोर म्हणाला, “मी नंतर येतो,” आणि गेला मात्र नाही.

“तसलं काही नाहीये,” एव्हेलिओ म्हणाला. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. “तिला माझं काय पडलंय? कोलंबियातला इंजिनियर काय, मी काय. सगळ्यांना सारखीच ओरडते.”

“मग हेच म्हणते मी. जिला तुझं काही पडलेलं नाही, तिच्या हातात तू जीव देणार? नऊ वर्षं तुझा श्वास ऐकून मला कळायचं कोण मेलंय ते. नियमाप्रमाणे वागले असते तर तू दुसऱ्याच वर्षी घरी बसला असतास. तुला एकदा तरी उशीर होऊ दिला का मी?”

त्याने पेनाचं टोपण लावलं. बाहेर फोर्कलिफ्ट मागे जाताना पीं पीं करत होती.

“नाही दिलास,” तो म्हणाला.

“मग? नेटवर्क गेलं तो काय माझा दोष? सगळ्यांसमोर तिचं नाव लिहायचं, तेही आडनावासकट. मी काय केलं म्हणून?”

“सोड ना.”

“नाही सोडत. काय केलं मी?”

एव्हेलिओने दाराकडे पाहिलं. निकानोर हातातल्या पावत्यांकडे बघत होता. कपाटापलीकडे कोणी हलत नव्हतं. मग त्याने एदिल्माकडे पाहिलं, खूप दिवसांनी सरळ, दवाखान्याच्या खिडकीबाहेर बघितल्यासारखं नाही.

“नेटवर्क होतं, एदी. फोन माझ्यापासून दोन हातांवर पडला होता, माझा हात पोचत नव्हता, पण कोणी केला असता तर वाजला असता. मी गाडीत उलटा लटकलो होतो आणि मनात म्हणत होतो, सातला हजेरी नाही म्हणजे सव्वासातला एदी शोध सुरू करेल. मग म्हटलं सहाला. मग पुन्हा सकाळ झाली, आणि मला नंतर कळलं, तक्ता बघून ही नवी पोरगी तुला विचारायला आली, काल आवाज खरंच ऐकलात का. तेव्हा कुठे शोध सुरू झाला.” त्याचा आवाज चढला नाही. “मी फोन केला नव्हता. सातलाही नाही, सहालाही नाही. खुणा दोन्ही आहेत. त्या तू केल्यास.”