मुंबईसाठी हवा

कार्तिक लागला. कार्तिकासाठी फार डोकं चालवावं लागलंच नाही. मानवतचा कार्तिक उचलायचा आणि तसाच्या तसा मुंबईवर ठेवायचा. पहाटे गोधडी ओढून घ्यावी एवढाच गारवा, दुपारी पाठीला घेतलं तर उठूच नये असं ऊन. धुणं टाकलं की जेवणं होईस्तोवर कडकडीत.

"काकू, लाटी वाळायलीय," बायनाबाई म्हणाल्या. "कुठं हाव तुमी?"

"मुंबईत."

"तिथं पापड वाळत न्हाईत म्हणं."

"तेच बदलायलेय मी."

सुमंगलाबाईंनी लाटी उचलली आणि पोळपाटावर दाबली. एकोणऐंशी सालचा चैत्र चालला होता. माळवदावर जुनी धोतरं अंथरली होती, त्यावर उडदाचे पापड पडत होते. त्यांचे यजमान अप्पाराव बाजार समितीत कारकून. एकुलती एक लेक विमला गेल्या साली मुंबईला दिली होती. आता तिला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण आईकडं, हे मानवतमध्ये कुणी कुणाला सांगावं लागत नाही. पण विमला येणार नव्हती. तसा निरोप आला होता. त्या दिवसापासून सुमंगलाबाई पापड लाटता लाटता, ज्वारी निवडता निवडता मुंबईचं वर्ष लावत बसल्या होत्या. लेक तिथंच राहणार तर निदान हवा तरी बरी असावी.

श्रावण. तो तिथंही बरा असतो म्हणतात. असू दे. फक्त पाऊस दुपारी पडावा, माणसं कामावर असतात तेव्हा.

नाही. दुपारी भाजीवाल्या फुटपाथवर बसलेल्या असतात. लग्नानंतर विमलाला सोडायला गेल्या तेव्हा पाहिल्या होत्या, टोपलीवर प्लास्टिक आणि स्वतः भिजलेल्या. मग रात्री पडावा. पण रात्री त्याच फुटपाथवर माणसं झोपलेली असतात, तीही त्यांनी पाहिली होती. एका खिडकीपुरती हवा पाठवता आली असती तर सोपं होतं. हवा एका खिडकीपुरती येत नाही. सगळ्या शहराला द्यावी लागते, ज्यांची नावंही ठाऊक नाहीत त्यांनासुद्धा.

श्रावण अर्धा राहिला.

"आन आमचा कार्तिक तिकडं नेल्यावर इथं काय ऱ्हाईल?" बायनाबाईंनी विचारलं. त्या गल्लीतल्याच. गावाबाहेर त्यांचं दोन एकर रान, आणि पापड-शेवयांच्या दिवसांत आळीपाळीनं एकमेकींच्या घरी हात लावायचा, तशा त्या आल्या होत्या.

"मुंबईचा येईल."

"चिकचिक्या? आन माझा कापूस? येचणीच्या टायमाला वलला कापूस खरेदीवाले घेतेत व्हय? तुमच्या लेकीच्या धुण्यापायी मी बोंडं सडवू?"

"उसना नेते, बायनाबाई. परत करते."

"पीठ न्हेलेलं बाया परत करीनात. हवा करतेत."

सुमंगलाबाई हसल्या. खरं म्हणजे त्यांनाही पटलं. त्यांनी लाटलेला पापड धोतरावर टाकला. मग त्या म्हणाल्या, "विरजण न्यायचं. चमचाभर कार्तिक. तिकडच्या हवेला लावायचा, ती रातभर धरली की झालं. भांडं इथंच."

"हां," बायनाबाई म्हणाल्या. "तसं चालंल."

माघ. चुडाव्याचा. सुमंगलाबाईंचं माहेर चुडावा, आणि स्टेशनाच्या मागून सकाळी जी हवा यायची तिला ओल्या हरभऱ्याचा वास असायचा. मुंबईला तो वास कुठून येणार? न आला तरी चालेल. नुसता गारवा पाठवू. नको, वासासकट जाऊ द्या. एवढी सात-आठ मजली घरं. वरच्या मजल्यावरच्या बाईनं खिडकी उघडावी आणि तिला क्षणभर कळू नये की ही कुठली—

वैशाख. वैशाख रिकामा.

निरोप कसा आला ते असं.

दत्तराव आडत्यांच्या दुकानात फोन होता. गल्लीतले सगळे ट्रंक कॉल तिथंच येत. फाल्गुनातल्या एका बाजारच्या दिवशी, ज्वारीच्या गाड्या दारात लागलेल्या, तेव्हा मुंबईहून विमलाचा फोन आला. बोलावणं धाडून माणूस येईस्तोवर लाइन टिकली नसती, म्हणून मुनीम सितारामनंच निरोप घेतला आणि संध्याकाळी घराकडं जाताना दारात उभं राहून सांगितला.

"विमलताईचा फोन हुता. म्हणल्या, मानवत न्हाई."

"काय?"

"मानवत न्हाई, म्हणल्या. दोनदा म्हणल्या. अप्पाला सांगा म्हणल्या."

"आणखी काय?"

"लाइन लय खरखर करायलती, काकू. आन दारात गाड्याची बोंब. तेवढंच आलं कानावर."

अप्पाराव ओसरीवर बसून होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सातव्यात ओटी भरून लेकीला आणायचं ठरलं होतं. ती मानवत नाही म्हणते.

"ऊन," ते म्हणाले. "चव्वेचाळीसवर जातं आपल्याकडं. त्यांना भीती वाटत असेल."

व्याह्यांनी संक्रांतीलाच चाचपून पाहिलं होतं. सध्या तिकडचं वातावरण बरं नाही म्हणतात, असं म्हणाले होते. अप्पारावांनी सांगितलं होतं की उन्हाळ्यात ऊन असायचंच, वाळ्याचे पडदे लावू. मग त्यांच्या ध्यानात आलं की व्याही उन्हाबद्दल बोलत नव्हते. विद्यापीठाच्या नावावरून गेल्या पावसाळ्यात खेड्यापाड्यांतल्या वस्त्या जाळल्या गेल्या, त्याबद्दल ते विचारत होते. अप्पारावांनी खाली पाहिलं होतं नुसतं.

म्हणून निरोप आला तेव्हा उलटून विचारायची हिंमत दोघांनाही झाली नाही. ऊन असेल, नाहीतर ते असेल. लेक नाही म्हणते, आपण तिच्या सासरी भांडायला जायचं का? बाळंतिणीच्या खोलीला चुना लावायचा राहिला. डिंक आणला होता, तो डब्यात राहिला.

सुमंगलाबाईंना मात्र वाटलं, ती स्वतः बोलली असती तर कारण सांगितलं असतं. आणि मग वाटलं, सांगितलं असतं तर जास्त लागलं असतं.

आश्विन. दसऱ्याच्या आसपास मुंबईत फार उकडतं, विमला म्हणाली होती. काढून टाकावा. त्याजागी दुसरा कार्तिक. दोन कार्तिक चालतील. दोन दिवाळ्या होतील, पोरंसोरं खूश.

आषाढ. कमी करायचा. पण तळी भरली पाहिजेत, एवढ्या माणसांना प्यायला लागतं. मग राहू दे आषाढ, पण भिंतींना ओल नको. पाऊस असा पडावा की तळ्यात पडेल आणि भिंतीवर—

"जमायलंय का?" बायनाबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"जमायलंय. वर्ष भरत आलंय. कुणाला घाम नाही, कुणाचं लोणचं बुरसत नाही. कुणी खोकत नाही."

"मग तर लय वाईट झालं."

"का?"

"आवो, मग इकडं कोण कशाला यील?"

सुमंगलाबाईंचं लाटणं थांबलं. त्यांच्या कसं लक्षात आलं नाही. त्या इतके दिवस लेकीच्या न येण्याला पायऱ्या बांधून देत होत्या. बारा महिने सुखाचे केले, तर ती पुन्हा कधीच येणार नाही. आणि तीच कशाला, त्या शहरात जेवढी माणसं कुठून कुठून गेली आहेत, त्यातलं कुणीच.

रात्री जेवताना त्या अप्पारावांना म्हणाल्या, "एक महिना वाईट ठेवायचा."

"कशाचा?"

"मुंबईचा. अकरा चांगले, एक वाईट. इतका वाईट की तिथं कुणाला थांबताच येऊ नये. सगळ्यांनी कुलपं लावावीत आणि आपापल्या आईकडं जावं. कुणी कोकणात, कुणी इकडं. महिनाभर सगळं शहर रिकामं."

अप्पाराव भाकरी मोडत होते. "आणि ज्यांना दुसरं गावच नाही ते?"

"त्यांनी आपल्याकडं यावं."

"कुठला महिना ठेवता?"

इथंच अडत होतं. लेकीला यायला हवा होता वैशाख. आणि वैशाखात मानवतला येऊन कुणाचं भलं झालंय? मुंबई कितीही वाईट केली तरी मानवतच्या वैशाखापुढं ती बरीच ठरायची. सुमंगलाबाईंनी पाणी घेतलं.

वैशाख रिकामाच लागला.

अक्षय्य तृतीयेनंतर दोन-चार दिवसांनी कुरडयांचा घाट होता, पुन्हा त्याच माळवदावर. बँकेत बदलून आलेल्या साहेबांची बायको, साताऱ्याकडची, नव्यानं ओळख झालेली, तीही शिकायला म्हणून वर येऊन बसली होती. सोऱ्या दाबायला गेली आणि दम लागून सावलीला सरकली.

"आलो तेव्हापासून पोट बरं नाही हो," ती म्हणाली. "मला काही इथलं पाणी मानवत नाही."

"मग पाथरीला जा," बायनाबाई म्हणाल्या, आणि माळवदावरच्या बाया खळखळून हसल्या.

सातारकरीण गोंधळली. बायनाबाईंनीच समजावून सांगितलं. "आवो, हितं तसं म्हणत न्हाईत कुणी. सोसत न्हाई म्हणावं, बाधतंय म्हणावं. मानवत न्हाई म्हणलं की येष्टीतला कंडक्टरसुद्धा म्हणतो, मग पाथरीला जा. लहानपणापासून आयकतोत आमी. गावाचंच नाव हाय ते, आन पाथरी पुढलं गाव."

सगळ्या पुन्हा हसल्या. सुमंगलाबाई हसल्या नाहीत. चिकाचा गोळा त्यांच्या हातात तसाच राहिला आणि बोटांच्या फटीतून खाली गळू लागला.

मानवत न्हाई म्हणल्या. दोनदा म्हणल्या.

यायचं नसतं तर विमला म्हणाली असती, मानवतला येत नाही. मानवतला. 'ला' कुठं होता? घरात वाढलेली पोरगी सोसत नाही म्हणाली असती, आणि सितारामला बरोबर कळलं असतं. ती वर्षभर सासरी राहिली होती, आणि तिच्या तोंडी सासरचा शब्द बसला होता. लाइनच्या खरखरीत 'हवा' तेवढी गळून पडली, आणि मागे राहिलं ते गावाचं नाव, आणि नाही.

त्या चिकाच्या हातानंच जिना उतरल्या. चपला घातल्या की नाही हे त्यांना दत्तरावांच्या दुकानात गेल्यावर कळलं, तेही फरशी पोळली म्हणून.

"हवा म्हणली होती का रे ती?" त्यांनी सितारामला विचारलं.

सिताराम उभा राहिला. "काकू, मी राणीसावरगावचा. आमच्याकडं मानवत म्हणजे गावच." मग त्यानं आठवून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आधी कायतरी हुतं. हवा का दवा असं. मला वाटलं, लाइनचा आवाज."

दत्तराव गादीवरून ऐकत होते. त्यांनी फोन पुढं ओढला आणि मुंबईचा कॉल लावायला सांगितला. अप्पारावांना बाजार समितीतून बोलावून आणलं. दुपार सगळी बाकावर गेली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हं कलायच्या आत घंटी वाजली आणि रिसीव्हर सुमंगलाबाईंच्या हातात आला.

"आई?"

"विमल, तू हवा म्हणली होतीस ना?"

"मग काय म्हणाले? हवा मानवत नाही, अप्पांना घ्यायला पाठवा, असा निरोप दिला होता. वाट पाहिली. मग वाटलं, उन्हाळ्याचं तुम्हाला नको असेल."

"आम्हाला?" सुमंगलाबाईंनी भिंतीला हात टेकला. "अप्पा आत्ता निघतील. रातच्या गाडीनं. मनमाडला बदलून सकाळी—"

"आई. आठवा लागला."

दुकानातल्या कुणालाही तिकडचा आवाज ऐकू येत नव्हता, पण सुमंगलाबाईंच्या पाठीवरून सगळ्यांना कळलं.

"सासूबाई म्हणतात, आठव्यात गाडी नको. डॉक्टरही नको म्हणाले. पाय सुजलेत. इथेच दवाखान्यात नाव घातलंय."

"मग मी येते."

"ये. लवकर ये." मग विमलानं विचारलं, "तिकडे ऊन आहे का गं?"

"लय. आग पडायलीय नुसती. तू नाहीस तेच—" त्या थांबल्या. तसं बोलायचं नव्हतं.

"इकडे ऊनच नाही. म्हणजे आहे, पण ओलं. अंगाला चिकटून बसतं. रात्री मला आपलं माळवद आठवतं, दुपारचं. कोरडं. पाय पोळायचे ते. मला ना, आई, एकदा खडखडीत उन्हात नेऊन वाळत घाला, असं वाटतं." ती हसल्यासारखी झाली. "सांग ना, कसं आहे."

सुमंगलाबाईंनी वैशाख कधी कुणाला सांगितला नव्हता. त्याला नावं ठेवायची असतात एवढंच ठाऊक होतं. त्यांनी दारातून बाहेर पाहिलं.

"आत्ता ना," त्या म्हणाल्या, "दत्तरावांच्या दारात उभी आहे मी. समोरचा रस्ता पांढरा दिसायलाय. लिंबाखाली दोन बैल बसलेत, त्यांच्या अंगावर पानांची सावली, ती पण हलत नाही. कुरडया घातल्यात सकाळी, बोटानं दाबली तर आताच मोडते. माठाला घाम आलाय. तुझ्या खोलीची खिडकी लावून घेतलीय, पण फटीतून एक उन्हाची रेघ आत येते बघ, ती पार भिंतीपर्यंत—"

मध्येच ऑपरेटर बोलली. तीन मिनिटं झाली, वाढवायची का.

अप्पारावांनी दत्तरावांकडं पाहिलं. दत्तरावांनी हातानंच सांगितलं, चालू द्या.

"पार भिंतीपर्यंत गेलीय," सुमंगलाबाई म्हणाल्या. "तिथं हात धरला तर गरम लागतं. आणि वारा सुटला की कडब्याचा वास येतो, वाळलेला, आणि धूळ. माळवदावरचा पत्रा तडतड करतो. ऐकायलीस का, विमल?"

"हं," विमला म्हणाली. "पुढं."