तीन दारांची गाडी

आमच्या गाडीला तीनच दारं होती. चालवणाऱ्याच्या बाजूला दार नव्हतंच, तिथे जादा चाक बांधलेलं असायचं. त्यामुळे यांना चढाउतरायचं तर आधी मी उतरायचं. गाडी आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठी, लाकडी आऱ्यांची, पितळी दिव्यांची, वरून उघडी. वर्षातून एकदा अशा गाड्यांचे हौशी मालक डोंगरातल्या जुन्या खाणवाटेने वर जायचे. सोबत बायका. माझं काम ठरलेलं. चढावर गाडी थांबली की उडी मारायची आणि चाकामागे लाकडी ठोकळा सारायचा. एरवी तो मांडीवर. “खाली ठेवू नकोस, पायात येतो,” हे मी अकरा वर्षं ऐकत होते.

मला गाडी चालवायची होती. दोनदा विचारलं. पहिल्यांदा हे हसले, दुसऱ्यांदा म्हणाले, ही काय शिवणयंत्र आहे? पण शेजारी बसून सगळं पाठ झालं होतं. भांडी घासताना माझे पाय फरशीवर पेडलं दाबायचे. सासूबाईंना वाटायचं, मला मुंग्या येतात.

त्या वर्षी यांनी टाकी अर्धीच भरली. वजन कमी, गाडी हलकी, असा हिशेब. मी म्हटलं होतं, भरून घ्या. टाकी आमच्या सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरून इंजिनात जायचं. उभ्या चढावर नाक वर झालं की ते पुढे पोचायचंच नाही. म्हणून अशा जागी या गाड्या उलट्या, पाठ पुढे करून चढवायच्या. यांना ते कमीपणाचं वाटे, म्हणून सरळच घेतली.

उभ्या चढाच्या मधोमध इंजिन बंद पडलं. माझ्या बाजूला कातळ, दार चार बोटंही उघडेना. यांच्या बाजूला ते चाक आणि पलीकडे दरी. हातब्रेक झिजलेला. यांचा पाय पेडलवर होता म्हणून गाडी जागेवर होती.

“मागच्या सीटवरून उतर,” हे म्हणाले. ठोकळा घेऊन मी सीटच्या पाठीवरून एक पाय मागे टाकला, तोच गाडी वीतभर मागे सरकली. वळून पाहिलं तर यांचा चेहरा पांढरा. पोटरीत गोळा आला होता.

“अगं, पाय थरथरतोय.”

मी परत पुढे आले. माझा पाय यांच्या पायावर ठेवला आणि सगळं वजन दिलं. “आता काढा. हळू.” त्यांनी बूट माझ्या तळव्याखालून थोडा थोडा ओढला. पेडल क्षणभर वर आलं, मग माझ्या पायाखाली खाली गेलं. मग हे लंगडत मागच्या बाजूने उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ठोकळा लावला.

पोटरी धरून उभे राहिले. त्या पायाने ब्रेक दाबणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. मी स्टिअरिंगमागे सरकले.

खाली रुंद जागेपर्यंत ब्रेक सोडत, दाबत आले. हे बाजूने ठोकळा घेऊन. तिथे गाडी वळवली, यांनी हँडल मारलं, आणि मान मागे वळवून मी ती उलटी चढवायला घेतली. मधलं पेडल उलट जायचं, ते दाबून धरायचं, सोडलं की संपलं. कातळ खांद्याला लागेल इतका जवळ. मान आखडली, घाम डोळ्यांत गेला, पुसायला हात मोकळा नव्हता. सुटका फक्त वरच्या बाजूला होती.

वर आमच्यातलेच एक मालक, दंतवैद्य, आधीच पोचून आपली गाडी पुसत बसले होते. धुळीने माखून पायी आलेल्या यांच्याकडे पाहून म्हणाले, “काय हो, नवा ड्रायव्हर ठेवलात?”

“जरा बसवलं तिला,” हे म्हणाले.

मग दाराशी आले. पुढे एकच दार, आणि त्यात हे उभे. पोटरी सैल झाली होती बहुतेक.

“उतर आता.”

अकरा वर्षं मी त्या दारातून यांच्यासाठी उतरले होते. त्या दिवशी हात लांब करून शेजारची गादी झाडली, माझी जागा, आणि म्हटलं, “बसा. ठोकळा मांडीवर घ्या. पायात येतो.”

दंतवैद्यांनी फडकं थांबवलं. यांनी एकदा ठोकळ्याकडे, एकदा दंतवैद्यांकडे पाहिलं. मग बसले, आणि घरापर्यंत वळणावळणाला मला शिकवत राहिले.