अमरावती काही ऐकेना

देवमनची अकोल्याच्या तार ऑफिसात बदली झाली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद ताहेरला झाला. लोकांना हे विचित्रच वाटलं, कारण दोघांची दोस्ती सगळ्या इतवारा बाजाराला ठाऊक होती. देवमन अमरावतीच्या तार ऑफिसात तारबाबू, आणि बाजारात ताहेरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. ड्यूटी सुटली की देवमनची सायकल घराकडे न वळता आधी दुकानाकडे वळायची. आता हा दोस्त चालला, तर ताहेरनं तोंड पाडायचं सोडून पेढे आणले.

"अरे, आता खरी मजा आहे!" तो म्हणाला. "इतके दिवस आपन भिंतीच्या अल्याड-पल्याड बोलून राहिलो. आता मधात साठ मैल आले."

गोष्ट अशी की दोघांनी मिळून दोन लहान वायरलेस सेट बांधले होते. नागपूरला जाऊन परीक्षा दिली, दिल्लीहून परवाने आले, आणि मग लष्कराच्या भंगारातले व्हॉल्व्ह, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तार आणि बिस्किटाचे पत्र्याचे डबे यांतून ते सेट उभे राहिले. त्यांच्यावर आवाज जात नसे. फक्त खटका दाबून तार ऑफिसासारखं कट्ट-कडकट्ट करायचं. एका सेटची सगळी ताकद मिळून टॉर्चचे दोन दिवे जेमतेम पेटले असते. पण दुकानातून देवमनच्या घरापर्यंत ती कट्टकट्ट अशी खणखणीत पोचायची की सुंदराबाई, देवमनची बायको, म्हणायची, "एवढ्या जोरानं ताहेरभाई नुसते वरडले असते तरी अठी ऐकू आलं असतं."

१९६१ च्या उन्हाळ्यात देवमननं अकोल्यात बिऱ्हाड केलं. सामान लागायच्या आधी छपरापासून मागच्या कडुनिंबापर्यंत एरियलची तार लागली. खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टेबल, टेबलावर सेट. ठरल्या दिवशी संध्याकाळचं जेवण उरकून तो टेबलाशी बसला, कानाला हेडफोन लावले आणि ताहेरला हाक घातली.

उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, महिना गेला. देवमननं एरियल उंच केली, मग लांब केली, मग शेजारच्या पाटलांच्या गोठ्यावरून आडवी नेली. कॉइल उसवून पुन्हा गुंडाळली. अर्थिंगसाठी जमिनीत तांब्याचा पत्रा पुरून त्यावर रोज बादलीभर पाणी ओतलं. नळाला पाणी नसलं की सुंदराबाई त्या बादलीकडे बघायची आणि काही बोलायची नाही, आणि ते न बोलणं देवमनला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. तिकडे ताहेरही हेच करत होता. दोघं तार ऑफिसातून एकमेकांना निरोप पाठवत, 'काल हाक घातली, ऐकलीस का?' निरोप काही मिनिटांत पोचे. उत्तरही येई. नाही ऐकली.

पावसाळा गेला, हिवाळा आला. देवमन दिवसभर ऑफिसात दुनियेच्या तारा घ्यायचा. कोणाचा जन्म, कोणाचं मरण, कापसाचे भाव. त्याचा हात सगळ्या ऑफिसात नावाजलेला. आणि संध्याकाळी तोच हात खटक्यावर ठेवला की जणू विहिरीत दगड टाकतो आहे, आणि तळच नाही. एकदा त्यानं हेडफोन इतक्या जोरात आपटले की शालू, त्याची पाच वर्षांची मुलगी, रडायला लागली. तिला उचलून घेऊन तो अंगणात फिरत राहिला, आणि फिरता फिरता नजर पुन्हा एरियलवरच.

मग एका संध्याकाळी उत्तर आलं.

हेडफोनमध्ये अगदी स्पष्ट, जवळून बोलावं तशी कट्टकट्ट. त्यानं घाईघाईनं ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरला. तो ताहेर नव्हताच. कोलंबोकडचा एक चहामळेवाला होता, आणि फार खूश होता. इतक्या लहान सेटचा आवाज इतक्या दूर आला म्हणून तो पुन्हा पुन्हा अभिनंदन करत होता.

"कोन होये?" सुंदराबाईनं विचारलं.

"लंकेचा मानूस."

"बाप्पा! लंकेत ऐकू गेलं?"

"हाव. अमरावतीत नाई गेलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं ताहेरला कळवलं. माझा सेट चांगला आहे, लंकेपर्यंत जातो, तुझा रिसीव्हर तपास. एवढे शब्द लिहिताना त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही. ताहेरला मात्र ते अंगारासारखे लागले. निम्म्या अमरावतीचे रेडिओ ज्यानं दुरुस्त केले, त्याचा रिसीव्हर खराब? त्याचं उत्तर आलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. आता तर तार ऑफिसातलं बोलणंही बंद पडलं.

देवमन खटका दाबायचा आणि चहामळेवाला उत्तर द्यायचा. शेवटी एका संध्याकाळी वैतागून देवमननं त्यालाच सगळं सांगितलं. साठ मैलांवरचा दोस्त ऐकत नाही, आणि तुम्ही ऐकता, हे काय आहे? चहामळेवाला जाणकार निघाला. त्यानं सावकाश समजावलं. तुझ्या लहरी वर जातात, आभाळातल्या थरावर आपटून खाली येतात. अंधार पडला की तो थर पातळ होतो, आणि सरळ वर गेलेल्या लहरी त्यातून निसटून जातात. तिरप्या गेलेल्या तेवढ्या परततात, आणि त्या पार दूर उतरतात. तुझा दोस्त मधल्या कोरड्या पट्ट्यात बसला आहे. त्याला ऐकायचं असेल तर भर दुपारी हाक घाल.

वर्ष होऊन गेलं होतं. त्या सगळ्या संध्याकाळी, त्या बादल्या, तो गोठा. दुपारी त्याची ड्यूटी असायची आणि ताहेरचं दुकान भरलेलं असायचं, एवढ्याच कारणानं दोघांनी नेमकी चुकीची वेळ धरली होती.

पहिल्या सुट्टीला तो गाडीनं बडनेऱ्याला उतरला आणि तिथून अमरावतीला. ताहेर एका रेडिओत डोकं घालून बसला होता. त्यानं मान वर केली, स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला. पण बोलला नाही. देवमननं आभाळातल्या थराची गोष्ट सांगितली.

ताहेरनं सोल्डरिंगची सळई खाली ठेवली. "देवमन, साऱ्या दुनियेले मालूम आहे, रेडिओ रात्रीच चांगला वाजते. गिऱ्हाईक काय म्हणते मले? 'ताहेरभाई, दिवसा खरखर, रात्री एकदम साफ.' अन् तू म्हणतं दिवसा ऐक!"

"ते दूरचं झालं. आपलं जवळचं आहे."

"जवळचं दिवसा अन् दूरचं रात्री? कोनं सांगतलं?"

"लंकेवाल्यानं."

"मंग लंकेवाल्याशीच बोल नं," ताहेर म्हणाला. "मी काहून मधात?"

देवमन परत आला तो धुसफुसतच. गाडीत त्यानं ठरवलं की आता ताहेरच्या कानात घालूनच दाखवायचं. पण कसं? आपण अकोल्यात खटका दाबला तर ताहेर दुपारी ऐकायला बसणार नाही. आपण अमरावतीला जाऊन त्याला बसवलं तर खटका कोण दाबणार?

रात्री भाकरी थापणाऱ्या सुंदराबाईकडे त्यानं बघितलं.

"मले पाहू नका," ती म्हणाली. तिला सगळं आधीच कळलं होतं.

"एकच अक्षर आहे. तीन बार लहान, एक बार लांब. चट चट चट चटाऽक."

"अन् पोलीस आला तं?"

हे खरं होतं. परवाना देवमनचा, त्याच्या माघारी खटक्याला हात लावायची दुसऱ्या कोणाला मुभा नव्हती. पण वर्षभराच्या चिडीपुढे त्याला कायदा दिसत नव्हता. दोन दिवस सुंदराबाईनं ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी तीच टेबलाशी येऊन बसली आणि खटका दाबून पाहिला. "हे तं भाकरीवानीच आहे," ती म्हणाली. "तीन थापा, अन् मंग तव्यावर."

१९६२ चा दसरा झाला आणि पुढच्या रविवारी देवमन पुन्हा ताहेरच्या दुकानात हजर झाला. अकोल्यात कापड गिरणीचा बाराचा भोंगा झाला की सुंदराबाई सुरू करणार होती. ताहेर कुरकुरत रिसीव्हरपुढे बसला. एक हेडफोन त्याच्या कानाला, दुसरा देवमनच्या. बारा वाजले.

खर्रर्रर्र.

"हे काय?"

"नबीची चक्की," ताहेर म्हणाला. शेजारी पिठाची चक्की होती, आणि तिची मोटर रिसीव्हरमध्ये अशी भरडत होती की दुसरं काही ऐकू येणंच शक्य नव्हतं. देवमन धावत नबीकडे गेला. चक्कीपुढे दसऱ्याच्या पाहुण्यांना कंटाळलेल्या बायांची रांग. "नबीभाई, पाच मिनटं बंद करा." नबी काही म्हणायच्या आधी रांगेतली एक बाई म्हणाली, "आमी सकाळपासून उभ्या आहो. तुमचं गानं मंग ऐका."

साडेबारा झाले. पाऊण झाला. देवमन चक्की आणि दुकान यांच्यामध्ये येरझारा घालत होता. त्याला वाटलं, सुंदराबाई केव्हाच उठली असेल. शालूला जेवायला घालत असेल. आता काय ऐकायचं? ताहेर सरळ म्हणाला, "मी सांगतलं होतं. दुपारी काही नाई."

एकच्या पुढे केव्हातरी नबी जेवायला उठला आणि चक्की थांबली.

शांतता झाली. मग त्या शांततेच्या तळातून, फार बारीक, पण अगदी पक्कं: चट चट चट चटाऽक. चट चट चट चटाऽक.

ताहेरनं बटणावरचा हात उचललाच नाही. आवाज थोडा वर आला, थोडा खाली गेला, पण थांबला नाही. शेवटचा ठोका कधी फार लांब, कधी अर्धवट. तार ऑफिसात असा हात कोणी ठेवून घेतला नसता.

"भाभी?" ताहेर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "भाभी अकोल्यातून वाजवून राहिली?"

त्यानं झटकन आपला सेट चालू केला, खटका जवळ ओढला आणि उत्तर घातलं. 'ऐकतो, ऐकतो, तू आहेस.' मग तो थांबला, कारण देवमन कपाळाला हात लावून बसला होता. पलीकडे उत्तर समजणारं कोणी नव्हतंच. ज्यानं वर्षभर या उत्तराची वाट पाहिली, तो इथे त्याच्याच शेजारी स्टुलावर बसला होता.

"काय गंमत आहे राजा," ताहेर म्हणाला आणि हसायला लागला. देवमनला हसू आलं नाही. चट चट चट चटाऽक चालूच होतं. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं, की थांबायचं कधी हे त्यानं सुंदराबाईला सांगितलंच नव्हतं.

तो घरी पोचला तेव्हा ती मनगटाला हळद लावून बसली होती. भोंग्यापासून वीज जाईपर्यंत तिनं वाजवलं होतं. तीन वाजता वीज गेली, म्हणून सुटली.

"ऐकू आलं!" तो दारातूनच म्हणाला.

"मंग थांब म्हनून सांगाचं नं."

पुढच्या रविवारी दुपारी देवमन अकोल्यात आणि ताहेर अमरावतीत, असं पक्कं ठरलं. नबीलाही सांगून ठेवलं. पण त्या रविवारी देवमनला जादा ड्यूटी लागली. सरहद्दीवर चीनशी लढाई पेटली होती आणि तारांचा ढीग पडला होता. त्याच्या पुढच्या रविवारच्या आतच हुकूम आला, सगळे हौशी वायरलेस सेट बंद. वायरलेस खात्याचा एक माणूस आणि एक हवालदार घरी आले. माणूस सभ्य होता. त्यानं सेट खोक्यात घातला, सुतळी बांधली, लाखेचा शिक्का मारला. देवमननं एरियलची तार स्वतःच उतरवून गुंडाळली. कोणाशी भांडावं हेच त्याला कळेना. लढाई खरी होती, हुकूम बरोबर होता, आणि तरी खोकं दाराबाहेर गेलं तेव्हा तो रस्त्यापर्यंत त्याच्या मागे गेला.

बंदी उठायला बराच काळ गेला. खोकं परत आलं तेव्हा कॉइलला मुंग्यांचं घर होतं. तेही त्यानं साफ केलं. आणि त्याच महिन्यात त्याची बदली झाली, अमरावतीला. सुंदराबाईनं गूळ वाटला. ऑफिसातल्यांनी हार घातला. हार घालून घेताना देवमनचं तोंड असं होतं की साहेबांनी विचारलं, "काय हो, तुम्हीच अर्ज केला होता ना?" केला होता, लढाईच्या आधी.

"आता मले जावं लागन," ताहेरनं जाहीर केलं. रीतसर परवानगी काढून त्यानं मेव्हण्याच्या जीपमध्ये सेट, मोटारीची बॅटरी आणि तारेचं भेंडोळं घातलं आणि तो चिखलदऱ्याला निघून गेला. मधे सगळा मेळघाटाचा डोंगर.

दुपारी देवमननं हेडफोन लावले. सुंदराबाई दाराशी निवडायला डाळ घेऊन बसली. फार वेळ लागला नाही. ताहेरचा हात, जरा घाईचा, जरा तिरपा, पण त्याचाच. 'देवमन, ऐकतो का?'

'ऐकतो,' देवमननं कळवलं. 'साफ ऐकतो. बोल.'

'इथे लय थंडी आहे,' ताहेर बोलू लागला. 'चहा गार झाला. एरियल झाडाला बांधली. थांब, वर माकडं...'

आणि आवाज तुटला.

देवमन वाट बघत राहिला. खटका दाबला, हाक घातली, पुन्हा घातली. खरखर. त्यानं हेडफोन आपटायला उचलले आणि मग तसेच मांडीवर ठेवले.

"बोलले ताहेरभाई?" सुंदराबाईनं विचारलं.

"बोलला."

"काय म्हनले?"

"माकडं म्हनला," देवमन म्हणाला, आणि हेडफोन पुन्हा कानाला लावून बसला.