सहा हजारांची फेरी

“सहा हजार,” कडुबा म्हणाला आणि टेम्पोची समोरची काच आतून फडक्याने पुसायला लागला.

खाली उभ्या असलेल्या माणसाने पावसासाठी डोक्यावर घेतलेलं रिकामं पोतं जरा मागे सारलं. साठीच्या आसपासचा, पांढऱ्या दाढीचा माणूस होता. अंगावरच्या सदऱ्यातलं पीठ पावसाने भिजून खळीसारखं चिकटलं होतं. त्याच्यामागे पिठाची गिरणी होती आणि गिरणीला लागूनच घर. दारात बायकोने दोन ट्रंका, गाद्यांची वळकटी आणि गॅसची शेगडी काढून ठेवली होती.

“बारा किलोमीटरचे सहा हजार?”

“आज हेच चालू हाय, चाचा. कुणालाबी विचारा.”

विचारायला गावात फारसं कोणी उरलं नव्हतं. डोहेगाव नदीच्या अगदी काठावर. धरणाचे दरवाजे सकाळीच उघडले होते. संध्याकाळी सहापर्यंत पाणी दुपटीने वाढणार, असं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तीनदा सांगून झालं होतं. सरकारी बस येऊन माणसांना वरच्या गावातल्या शाळेत घेऊन गेली, पण बसमध्ये सामान घेऊ देत नव्हते. सामानाचं ज्याने त्याने बघायचं होतं.

कडुबा चोवीस वर्षं जाधववाडीच्या मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, माल वाहत होता. मोंढ्यात त्याच्याशी कोणी घासाघीस करत नसे. तो एकच आकडा सांगायचा आणि तो बरोबर असायचा. एखादा व्यापारी तर न विचारताच पोती भरायला लावायचा आणि माल पोचल्यावर पैसे हातात ठेवायचा. पण गेले दहा दिवस पावसाने मोंढा बंद होता. टेम्पो दारात उभा होता आणि बँकेचा हप्ता काही थांबला नव्हता. सकाळी पुराच्या गावांत गाड्या पाहिजेत असं कळलं, तेव्हा तो इतर चौघांबरोबर निघाला. वाटेत चहाला थांबले असताना तीन टेम्पोंचा मालक इंद्रजीत म्हणाला, “सहाच्या खाली कुणी जायचं नाय. एकानं पाडला की सगळ्यांचा पडतो.” कडुबाच्या मनात दोन हजारांचा आकडा होता. चिखल, पाणी, गाडी अडकायची भीती, सगळं धरून दोन. एरवी या अंतराचे तो बाराशे घ्यायचा. पण त्याने मान हलवली आणि चहा संपवला.

“माझ्याजवळ तीन हायेत,” गिरणीवाला म्हणाला. “फोनवरनं टाकलं असतं, पण टावर बंद हाय.”

“मग मला पुढच्या गल्लीत जावं लागंल.”

“दाऊद, क्या बोल रहे वो?” दारातून बायकोने विचारलं. दाऊदभाईंनी सांगितलं. बायको सगीरा तडक शेजारच्या घरात गेली आणि सरूबाईला घेऊन आली. सरूबाई एकटीच राहायची. चार पोती ज्वारी सोडून जाणार नाही म्हणून ती बसमध्ये चढली नव्हती. तिने कंबरेची पिशवी सोडली, त्यातून पाचशेच्या सहा नोटा मोजून काढल्या.

“दोघांचं मिळून एका फेरीत न्या, भाऊ. आता नाय म्हणू नका.”

कडुबा नाही म्हणाला नाही. पैसे घेऊन त्याने वरच्या खिशात ठेवले, खाली उतरला आणि सामान चढवायला हात लावला. कामात तो कधी मागे राहत नसे. ज्वारीची पोती त्याने एकट्याने चढवली. सरूबाईचा लोखंडी पलंग, ट्रंका, गाद्या, भांड्यांची गोणी. सगळं नीट रचून झालं, तेव्हा दाऊदभाई गिरणीतून बाहेर आले. हातात पाना होता. इतका वेळ ते आत मोटर सोडवत होते.

“हिला जागा व्हईल का?”

कडुबाने आत डोकावून पाहिलं. दहा हॉर्सपॉवरची मोटर, क्विंटलभर तरी वजन. गिरणी तिच्यावरच चालत होती.

“दोन पोती तरी उतरवावी लागतील.”

सरूबाई पोत्यांकडे बघायला लागली. तिने तोंड उघडायच्या आतच दाऊदभाई म्हणाले, “तुमची ज्वारी राहू द्या.” मग कडुबाकडे वळून म्हणाले, “तुम्ही परत येणार ना? नुसती मोटर न्यायची. दुसरं काय नाय.”

“येतो.”

“त्याचे किती?”

दुपारचे बारा वाजले होते. पलीकडच्या गल्लीत इंद्रजीतचा टेम्पो भरत होता आणि इंद्रजीत इकडेच बघत होता.

“भाव तोच हाय,” कडुबा म्हणाला.

दाऊदभाईंनी मान हलवली. भांडले नाहीत, हात जोडले नाहीत. एखाद्या दुकानात भाव विचारून माणूस पुढे जातो, तसे ते आत गेले. कडुबाही मागोमाग गेला. दोघांनी मिळून मोटर उचलून आधी ओट्यावर आणि मग ओट्यावरच्या टेबलावर ठेवली. दाऊदभाईंनी तिच्यावर ताडपत्रीचा तुकडा घालून सुतळीने बांधला.

“इथवर पाणी कधी आलं नाय,” ते म्हणाले.

तिघांना आणि सामानाला घेऊन तो वरच्या गावात आला; शाळेत सामान उतरवताना अर्धा तास गेला. वर्गावर्गांतून माणसं बसली होती. कडुबाचा घसा सुकला होता. शाळेसमोरच्या दुकानात त्याने पाण्याची बाटली मागितली.

“साठ रुपये,” दुकानदार म्हणाला.

“वीसची बाटली साठला?”

“संपत आल्यात.”

“लोकांची घरं बुडायला लागलीत अन् तुम्ही लुटता व्हय?” कडुबाचा आवाज चढला. बाटल्या घ्यायला उभ्या असलेल्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

दुकानदार तरुण होता. त्याने बाटली पुन्हा खोक्यात ठेवली. “तुमचा टेम्पो ना तो? फेरीचे किती घेतले?”

कडुबाने साठ रुपये काउंटरवर ठेवले, बाटली घेतली आणि गाडीत जाऊन बसला. पाणी प्यायला मात्र त्याने पुढचं वळण येऊ दिलं.

दुसऱ्या फेरीला तो रिकामा टेम्पो घेऊन गिरणीवरून गेला. दाराला कुलूप होतं आणि खालच्या फटीत गोणपाट कोंबलेलं होतं. पुढच्या गल्लीतल्या घरातून त्याने सोफा, फ्रीज आणि दोन कपाटं भरली. त्याचे सहा हजार मिळाले. तिसऱ्या फेरीत त्याच घराचं उरलेलं सामान. साडेचारला पोलिसांनी रस्ता बंद केला.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. बायकोने, सुरेखाने, टॉवेल दिला, चहा ठेवला.

“किती फेऱ्या झाल्या?”

“तीन.”

त्याने पैसे तिच्यापुढे ठेवले. सुरेखाने ते मोजले.

“तीन फेऱ्यांचे एवढे?”

“सगळ्यांनी तेवढेच घेतले.”

“दोन हप्ते निघतील,” ती म्हणाली. मग चहा गाळता गाळता म्हणाली, “लोकांचे लई हाल झाले म्हणतेत.”

“व्हय.”

कडुबाने कपबशी घेतली आणि पाऊस बघत ओट्यावर जाऊन बसला. डोहेगावात छपरापर्यंत पाणी गेल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढे पाऊस थांबला, मोंढा सुरू झाला, दिवाळी झाली. मक्याची आवक वाढली तशी फेऱ्याही वाढल्या. हप्ते भरले गेले. कडुबा पूर्वीसारखाच एक आकडा सांगायचा आणि व्यापारी पूर्वीसारखेच मान हलवायचे. फक्त आकडा सांगितल्यावर समोरचा माणूस जरा थांबला, की कडुबाला उगाच घाई व्हायची. “परवडत नसंल तर सांगा,” तो आपणहून म्हणायचा. एकदा इंद्रजीत त्याला म्हणालासुद्धा, “तुला झालंय काय? धंदा करतो का दान?”

एका सकाळी आडतीच्या दुकानासमोर पंचवीस पोती मका भरायचा होता. मुकादमाने दोन हमाल पाठवले. कडुबा दोरी सोडत होता. पहिलं पोतं गाडीत पडलं, दुसरं पडलं, तेव्हा त्याचं लक्ष गेलं. पाठीवर पोतं घेऊन येणारा माणूस दाऊदभाई होते. दाढी वाढली होती. पोतं टाकल्यावर ते गुडघ्यावर हात ठेवून एक श्वास घ्यायचे आणि परत वळायचे.

त्यांनीही त्याला ओळखलं होतं. ते पोती आणत राहिले. पंचविसावं पोतं चढेपर्यंत कडुबा गाडीच्या पलीकडच्या बाजूलाच उभा राहिला. दुसरा हमाल पुढच्या गाडीकडे गेल्यावर कडुबाने फळी लावून दोरी बांधली आणि तो समोर आला.

“चाचा, मोटरचं काय झालं?”

“पाच दिवस पाण्यात व्हती. सुरू केली तशी जळाली. वाइंडिंगला टाकलीय.” दाऊदभाईंनी खांद्यावरच्या फडक्याने मान पुसली. “झाली दुरुस्त की गिरणी लावीन. तवर इथं.”

“घरचे?”

“घरीच हायेत. भिंत पडली एक, ती उचलली.”

कडुबाने खिशातून पैसे काढले. सकाळचं डिझेल भरून उरलेले होते. दोन हजारांच्या आत-बाहेर.

“त्या दिवशीचे बाराशे व्हायला पाहिजे व्हते. बाकीचे माझ्याकडं हायेत. आज एवढे ठेवा, उरलेले मी…”

दाऊदभाईंनी त्याच्या हातातल्या नोटांकडे पाहिलं. राग दिसला नाही.

“तुम्ही भाव सांगितला, मी हो म्हणलो. तो सौदा झाला,” ते म्हणाले. “आजची हमाली तेवढी द्या. पंचवीस पोती. आठ रुपयांनी दोनशे. शंभर माझे, शंभर त्याचे.”

“चाचा, राहू द्या ना सौदा. मी मनानं देतोय.”

“मला कळतंय.”

“मग सरूबाईचे तरी घेऊन जा.”

“त्यांच्या वतीनं मी कसं घेऊ? गावात हायेत त्या. घर तुम्ही बघितलंय.”

आडतीतून कोणीतरी हमालांना हाक मारली. कडुबाने त्यातल्या शंभराच्या दोन नोटा वेगळ्या केल्या आणि दिल्या. दाऊदभाईंनी त्या घेतल्या, घडी घालून आतल्या खिशात ठेवल्या आणि निघाले. दोन पावलं जाऊन ते थांबले. टेम्पोच्या मागच्या फळीपाशी येऊन त्यांनी कडुबाने बांधलेली दोरी ओढून पाहिली, सोडली, पाय फळीला लावून दोन्ही हातांनी ताणली आणि पुन्हा गाठ मारली.

“ही बाजू ढिली व्हती,” ते म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे गेले.